डाव्या दारातला स्पीकर

कारखान्याचा हंगाम संपला की ढोकी एकदम शांत होते. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दारादारांत उभे राहतात आणि पोरं त्यांच्या गाण्याच्या डेकच्या वायरी उसवत, पुन्हा जोडत बसतात. प्रसेनजितनं यंदा ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, चार माणसांची, आणि तिला साउंड बसवायचा होता.

गाडी घेतली ती वडिलांसाठी. आबाराव कारखान्याच्या यार्डात पुकाऱ्याचं काम करायचे. वजनकाट्यावर पुढं कुणी यायचं, त्याचा गाडीनंबर ते ओरडून सांगत, आणि इंजिनांच्या गदारोळातही पार मागच्या गाडीवानाला तो ऐकू जाई. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण गाठीबरोबर आवाजाची पेटीही गेली. आता ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत आणि त्यावर मऊ फडकं बांधत. आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ओठ तेवढे हलायचे. त्यांची बायको मथुराबाई त्या ओठांकडं बघून अर्धंमुर्धं ओळखायच्या, आणि चुकलं की स्वतःवरच चिडायच्या.

तपासणीला सारखं सोलापूरला जावं लागे. एसटीतली धूळ आबारावांना सोसत नव्हती म्हणून गाडी आली, आणि तिघांनी एवढ्या वाटेत गप्प बसणं प्रसेनजितला सोसत नव्हतं म्हणून साउंड.

लिंबाच्या सावलीला गाडी लावून त्यानं चारी दारं उघडली. दाराचं पॅनल काढलं, वायर ओढली, स्पीकर बसवले. आबाराव पुढं डाव्या सीटवर बसून बघत होते. शेजारचा धनाजी, तोही ट्रॅक्टरवालाच, मिसरी घासत येऊन उभा राहिला.

"एवढ्या वायरी? गाडी चालवायलास का गावाला लाईट द्यायलास?"

"तू हात नको लावू म्हंजे झालं."

"अर्थिंग कुठं दिलास?"

"सीटच्या बोल्टाला."

धनाजी हसला. "आरं, ती ट्रॅक्टरची सवय. ट्रॅक्टरचं सीट थेट चेसीवर असतंय. हितं खाली पट्ट्या, त्येला रंग, अर्थिंग धरत न्हाय. घुमणार बघ."

तसंच झालं. डेक लावला की गाण्यामागं एक घरघर यायची. प्रसेनजितनं वैतागून डेक बंद केला. तीन दारं गप्प झाली. डाव्या दारातली घरघर मात्र बारीक चालूच राहिली.

त्यानं डेकची पिन उपटली. घरघर होतीच. बॅटरीची वायर सोडली, तरी होतीच.

"आबा, जरा उतरा बरं."

आबाराव उतरले. घरघर थांबली. ते परत बसले, आणि सुरू झाली.

प्रसेनजितला भीती वाटली नाही. एखाद्या पाटाचं पाणी उलटं चढताना दिसावं, तसं त्याला नवल वाटलं. त्यानं स्पीकरच्या काळ्या पडद्यावर बोट टेकवलं. पडदा थरथरत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा थरथरत होता. वर बघितलं तर आबारावांचे ओठ हलत होते. ओठ थांबले की पडदा थांबायचा.

त्यानं दाराला कान लावला. रांजणाच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"पाणी आण म्हणायलोय, कवापासनं."

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी यार्डाच्या कुंपणापाशी डबा घेऊन उभा राहिला की हाच आवाज त्याला आधी भेटायचा.

मथुराबाईंना बोलावलं. त्या हातातलं सूप घेऊनच मागच्या सीटवर बसल्या आणि नवऱ्याच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"तुमी बोलायलाव व्हय?"

"मथुरा," दार म्हणालं, "काल वरणात मीठ न्हवतं."

"मग कालच सांगायचं की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या दिवसापासून गाडी लिंबाखालून हलली नाही. अर्थिंगचा बोल्ट ढिला होईल या भीतीनं प्रसेनजित ती सुरूच करेना. सोलापूरला भाड्याची गाडी केली. डॉक्टरांना काय सांगायचं, आणि कसं, हे त्याला सुचलं नाही.

दुपारची भांडी झाली की मथुराबाई निवडायचं धान्य घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसत. पुढं आबाराव. भावकीतली लग्नं, शेळीचं दुखणं, बुद्धविहाराच्या पत्र्याचं काम, सगळं निघायचं. दाराचा आवाज दिवसेंदिवस स्वच्छ होत गेला. कान लावायची गरज उरली नाही. अंगणाच्या फाटकापर्यंत ऐकू यायचं.

एके दिवशी प्रसेनजितनं दोघांना चहा नेऊन दिला. आबारावांनी कप तोंडाला लावला. ते चहा पीत होते, घोट गिळताना गळ्यावरचं फडकं हलत होतं.

आणि दार बोलत होतं. थांबलं नव्हतं.

मथुराबाई हातातल्या तुरीकडं बघत हुंकार देत होत्या. त्यांच्या ध्यानात आलं नाही. आबारावांच्या आलं. त्यांनी कप हळूच गुडघ्यावर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आवाज शेळीबद्दल बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले नाहीत. घरात, पंख्याखाली, भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मथुराबाई नेमानं सूप घेऊन गाडीत गेल्या, आणि थोड्या वेळानं त्यांचं हसणं ऐकू आलं. प्रसेनजित बाहेर आला. पुढचं सीट रिकामं होतं. दार बोलत होतं.

त्यानं खाली बसून विचारलं, "आबा?"

"बोल की."

"आबा तर घरात झोपलेत."

 मग यार्डातल्या त्याच मोकळ्या आवाजात दार म्हणालं, "घरात कोण न्हाय."

तो पाना घेऊन आला. मथुराबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बोल्टाला हात लावू नको."

"आई, हे आबा न्हाईत."

"मीठ कमी पडलेलं त्यांनाच ठावं हुतं. ह्यो आवाज एकदा गेलाय माझ्या घरातनं. तू परत घालवतूस व्हय?"

त्यांचा घसा बसला होता. प्रसेनजितला तो रडण्यानं बसल्यासारखा वाटला. त्यानं पाना खिशात टाकला.

घरात आबाराव उठून बसले होते. त्यांनी गाडीकडं बोट केलं, मग बायकोकडं, मग आपल्या गळ्याकडं. ओठ भराभर हलत होते. प्रसेनजितला एक शब्दही उमगला नाही. "आईला समजवा तुमीच," तो म्हणाला. आबारावांनी मान हलवली, नाही, तसं नाही, आणि पुन्हा तेच केलं. गाडी, बायको, गळा.

मथुराबाईंचा घसा बसलेलाच राहिला. धूळ आहे, त्या म्हणायच्या. मग म्हणणंही कमी झालं, कारण घरात बोलताना त्यांना जोर लागायचा. गाडीत लागत नसे.

शुक्रवारी दुपारी प्रसेनजित अंगणात ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. मथुराबाई कप घेऊन उंबऱ्यात आल्या. त्यांनी त्याच्याकडं बघून तोंड उघडलं.

"चहा झालाय, ये," आईची हाक आली.

ती लिंबाखालून आली.

मथुराबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले. त्यांचा हात गळ्यापाशी गेला आणि तिथं काही सापडत नसल्यासारखा फिरला.

आबाराव त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांपैकी कुणालाही आवाज नव्हता.

गाडीत दोघं बोलत होते. भांडण नाही, घाई नाही, जेवणं उरकल्यावर बोलतात तसं.

"पोरगं उन्हात बसलंय."

"बोलव की आत."

"येईल. हाक मारल्यावर येतंय त्ये."

प्रसेनजित पाना घेऊन उठला. बोल्ट सीटच्या खाली होता. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आत वाकायला हवं होतं. आणि बोल्ट काढला तर हे दोन आवाज उंबऱ्यात परत येतील की कुठंच राहणार नाहीत, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. दोघंही मान हलवत होती. काढ म्हणत होती की नको, ते त्याला कळेना.

विचारायला म्हणून त्याच्या घशाशी शब्द आला.

गाडीतलं बोलणं थांबलं. दोघं कान देऊन बसल्यासारखं.

त्यानं ओठ मिटून तो शब्द गिळला. डाव्या दारातला पडदा किंचित बाहेर आला होता आणि परत आत जात नव्हता.