तुम्ही त्यांच्या कोण?

मागची सायकल तिच्याच वेगाने येत होती.

ऋजुताने पेडल जोरात मारलं, तसा मागच्या चेनचा आवाज वाढला. ती हळू झाली, आवाजही हळू झाला. नेदरलँड्समधला, आइंडहोवन शहरातून न्यूनेन गावाला जाणारा तो सायकलरस्ता नोव्हेंबरात पाच वाजताच काळाकुट्ट होतो. दोन्ही बाजूंना ओली शेतं, आणि माणूस म्हणाल तर एकही नाही. इतक्या वर्षांत तिला या रस्त्याची भीती वाटली नव्हती. आज मात्र हातमोज्यांच्या आत तळहात घामेजले. तिने वळून पाहिलं. दिवा नाही. नुसता एक आकार.

पुढच्या वळणावर दिव्याचा खांब होता. तिथे तिने सायकल आडवी घातली आणि जमेल तितक्या चढ्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "काय पाहिजे?"

तो आकार करकचून ब्रेक दाबत थांबला आणि त्याने चक्क दोन्ही हात वर केले. हात सुटल्याबरोबर सायकल त्याच्या पायावर आडवी झाली.

"तुमचा दिवा," तो कळवळत म्हणाला. "माझा बंद पडलाय. तुमच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत येत होतो. सॉरी… खरंच सॉरी."

पस्तिशीचा माणूस. दाढी, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि थरथरणारे ओठ. तो आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय, हे तिच्या लक्षात आलं.

"मग हाक मारायची ना!"

"अंधारात अनोळखी बाईला हाक मारली असती, तर तुम्ही आणखी घाबरला असतात."

"आणि न बोलता मागे आलात तेव्हा काय मी गाणी म्हणत होते?"

तो हसला. हसताना त्याने खांद्यावरून मागे पाहिलं. "मराठी ना तुम्ही? मघाशी पुटपुटलात… 'आई गं'."

"कान तिखट आहेत."

"पोटापाण्याचा भाग आहे. मी बातमीदार. मल्याळम." मग जरा थांबून, "होतो. आता सिनेमे लिहितो."

उरलेला रस्ता दोघं बरोबरीने गेले. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. त्याचं हिंदी इतकं मोडकं होतं की तिला तिचं स्वतःचं फार चांगलं वाटू लागलं. त्याचं नाव ईपन. गावाच्या टोकाला, लेखकांना काही महिने राहायला देतात त्या घरात तो उतरला होता.

"दिवा घ्या उद्याच," ती म्हणाली. "नाहीतर पोलीस दंड करतात. हेमाकडे मिळतात."

"हेमा कोण? तुमची मैत्रीण?"

"दुकान आहे हो!"

तो पुन्हा हसला, आणि पुन्हा त्याने मागे वळून बघितलं.

*

त्या मागे वळून बघण्याचं कारण तिला डिसेंबरात कळलं.

तोवर दर शनिवारी बाजारातल्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ईपन नेहमी भिंतीला पाठ लावून बसे. दार उघडलं की त्याचं बोलणं वाक्याच्या मधोमध तुटे, आत आलेला माणूस न्याहाळून झाला की तिथूनच पुढे सुरू होई.

"तू नोकरीला लागलास कसा?" तिने विचारलं होतं. 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"निधनाच्या पानावर. आमच्याकडे पेपर हातात घेतला की लोक आधी तेच पान उघडतात. पूर्ण पान, फोटोंसकट. नवा पोरगा आला की त्याला तिथेच बसवतात. रात्रंदिवस फोन. आणि एकच नियम — घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणालाही मारायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शेजारी सांगो, पोलीस सांगो, आपण त्या घरी फोन लावायचा. पलीकडून कोणी उचलला की पहिला प्रश्न — तुम्ही त्यांच्या कोण? मुलगी, सून, भाऊ… नातं कळलं की मगच पेन उचलायचं."

"रडणाऱ्या माणसाला असं विचारायचं?"

"रडणारा माणूस त्या एका प्रश्नाला खरं उत्तर देतो. बाकी सगळ्याला खोटं देऊ शकतो."

निधनाच्या पानावरून तो जिल्ह्याच्या बातम्यांकडे गेला. डोंगर फोडणाऱ्या बेकायदा खाणींवर त्याने लेखमाला लिहिली. ती वाचून एका दिग्दर्शकाने बोलावलं आणि ईपन पटकथा लिहू लागला. दोन सिनेमे चालले. तिसरा त्याच खाणींवर लिहायला घेतला, तेव्हा एका संध्याकाळी नंबर नसलेली जीप मागून आली. स्कूटर तो चालवत होता. मागे बसलेला फोटोग्राफर नीळकंठ जागीच गेला.

"मागून आली…" ईपन म्हणाला. "आरशात मला जीप चालवणाऱ्याचा चेहरा दिसला होता. तो मी अजून कोर्टात सांगितलेला नाही."

ऋजुताच्या कपातली कॉफी गार झाली होती. त्या दिवशी परतताना तिने न विचारता सायकल त्याच्या मागे घेतली.

"काय करतेस?"

"मागे मी आहे. आता पुढे बघून चालव."

न्यूनेन येईपर्यंत त्याने एकदाही मान वळवली नाही. पावसाचा शिडकावा होता. त्याच्या जॅकेटची पाठ तिच्या दिव्याच्या उजेडात चमकत होती, आणि तिच्या मनात आलं… ही पाठ आपल्याला आयुष्यभर पुढे दिसली तर चालेल. विचार आला तशी तिला मनापासून भीती वाटली.

आल्मेरे शहरात राहणाऱ्या मंजूताईने, तिच्या मावसबहिणीने, फोनवर सरळच विचारलं, "अगं, त्याच्या मागे गुंड लागलेत आणि तू गुंडांच्या मागे रांगेत उभी? कोण लागतो तो तुझा?"

"ओळखीचा आहे, ताई."

"ओळखीच्या माणसासाठी कोणी फिश करी शिकत नाही हो, घासफूस खाणारी बया तू!"

*

जानेवारीत समन्स आलं. साक्षीची तारीख पुढच्या महिन्यातली. इथला मुक्काम वाढवून मिळत होता, लेखकांना घर देणाऱ्या संस्थेने तसं कळवलंही होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही जाणार म्हणालास तर कोणी नावं ठेवणार नाही," ऋजुता म्हणाली.

"नीळकंठची आई ठेवणार नाही. ती काहीच बोलत नाही. तेच सहन होत नाही." मग तिच्याकडे बघत, "तू म्हणालीस 'जाऊ नको', तर राहीन. विचारून ठेवतो."

"ही मुलाखत आहे का?"

"नाही. मुलाखत असती तर उत्तर आल्याशिवाय उठलो नसतो."

तिच्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. पण ते बोलले असते, तर हा माणूस उरलेलं आयुष्य भिंतीला पाठ लावून बसला असता. ती म्हणाली, "सायकल माझ्याकडे ठेव. हवा भरून ठेवीन."

आइंडहोवन स्टेशनवर त्याने तिच्या फोनमध्ये एक नंबर घातला. "घरचा लँडलाइन. अम्मच्ची, म्हणजे आई, मोबाइल उचलत नाही. माझ्याबद्दल काहीही ऐकलंस तरी…"

"घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय…"

"हुशार आहेस. डेस्कवर घेतली असती."

गाडी आली. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला, आणि दोघांनाही सोडायचं कसं ते सुचेना. शेवटी दारांची शिट्टी वाजली. गाडी हलल्यावर तिने पाहिलं, त्याने तो नंबर 'निधन-पान' या नावाने साठवला होता. तिला हसू आलं आणि रडूही… एकदमच.

*

साक्षीच्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन बंद होता. आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावातल्या ऑफिसात जेवणाच्या सुटीत बिंदू, तिची मल्याळी सहकारी, मोबाइल घेऊन तिच्या टेबलापाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ऋजुता, तुझा तो शेजारी… लेखक… ईपन ना नाव?"

पडद्यावर चेपलेली पांढरी गाडी. खाली लाल पट्टीत मल्याळम अक्षरं फिरत होती.

"काय लिहिलंय?"

बिंदूने मोबाइल छातीशी धरला.

"वाच, बिंदू."

"साक्ष देऊन परतताना ट्रकची धडक… पत्रकार ठार."

ऋजुता उठली. कोट न घेताच बाहेर आली. सायकलींच्या छपराखाली वारा नुसता बोचत होता. 'घरातल्या माणसाच्या तोंडून,' ती स्वतःला बजावत होती, 'घरातल्या माणसाच्या…' बोटं गारठून नंबर लागेना. तिसऱ्यांदा लागला. रिंग वाजत राहिली.

"आरा?" म्हातारा, थकलेला आवाज. कोण, म्हणून विचारणारा. हा शब्द ईपननेच तिला शिकवला होता.

"अम्मच्ची… ईपन…"

पलीकडे गर्दी होती. खूप माणसं. कोणीतरी हुंदके देत होतं. ते हुंदके ऐकून ऋजुताने सायकलचं सीट घट्ट धरलं. फोन दुसऱ्या कोणी घेतला. तरुण बाईचा आवाज, त्रासलेला, इंग्रजीत. "मी त्याची बहीण. आपण कोण?"

"ऋजुता. नेदरलँड्समधून बोलतेय. ईपन कसा…"

"दुपारपासून चॅनेलवाले मित्र म्हणून फोन करतायत. खरं सांगा. तुम्ही त्याच्या कोण?"

शेजारीण. ओळखीची. शनिवारी कॉफी पिणारी. आजवर सगळ्यांना दिलेली उत्तरं एकेक करून समोर आली आणि एकही उचलवेना. आता खरं बोलूनही ऐकायला तो असेल की नाही…

"मी त्याच्याशी लग्न करणार आहे," ती म्हणाली. आणि रडता रडता, "त्याला अजून सांगितलेलं नाही."

पलीकडे कुजबुज, मल्याळममध्ये. रिसीव्हर कशावर तरी आपटला.

"पूर्ण नाव सांगा," एक आवाज म्हणाला.

तो आवाज ओळखून ऋजुता ओल्या फरशीवरच बसली.

"ऋजुता? अगं, ऐकतेस ना? मी आहे. जिवंत आहे. घरातल्या माणसाच्या तोंडून सांगतोय."

"मेल्या!" ती मराठीत किंचाळली. "फोन का नाही केलास?"

"मेल्या म्हणजे काय?"

"…आत्ता नको विचारूस."

तो भराभर सांगू लागला. कोर्टाच्या दारात अनोळखी माणसं घुटमळत होती, म्हणून वकिलाने त्याला मागच्या दाराने काढून बसमध्ये बसवलं. गाडी रिकामीच पुढे गेली, त्याची बॅग आणि फोन घेऊन. ड्रायव्हरचा पाय मोडलाय. चॅनेलने कोणालाही न विचारता बातमी चालवली. तो घरी पोचला तर अंगणात सांत्वनाला आलेली माणसं. आत्ताच पोचला.

"आणि माझा नंबर?"

"पाठ नव्हता."

"अख्ख्या जिल्ह्याच्या सुनांची नावं पाठ, आणि माझा नंबर नाही!"

"आता करतो. आधी तो, मग बाकी सगळं."

ती डोळे पुसत राहिली. समोर त्याची सायकल उभी होती, स्वतःची पंक्चर झाल्यामुळे आज ती हीच घेऊन आली होती. "साक्ष?"

"दिली. चेहरा ओळखला. नीळकंठची आई तिथेच बसली होती…" त्याचा आवाज खाली आला. "भीती गेलेली नाही, ऋजुता. अजून दार वाजलं की दचकतो. पुढेही दचकेन. विचार करून सांग."

"मलाही वाटते भीती. वाटू दे. मी मागे असेन, तू पुढे बघ."

त्याच्या मागे माणसं काहीतरी विचारत होती, आणि अम्मच्ची मोठ्याने "मोळे, मोळे", म्हणजे पोरी, पोरी, म्हणत फोन मागत होती.

"एक बातमी आलीये डेस्कवर," तो म्हणाला. आवाजात हसू होतं, आणि थोडा कंपही. "लग्नाची. छापण्याआधी खात्री करायची आहे. कोणी दिली म्हणून लिहू?"

ऋजुताने उठून त्याच्या सायकलचा मागचा दिवा उगाचच लावून पाहिला. लागला.

"घरातल्या माणसाने," ती म्हणाली.