नोंद नसलेला जिना

पडद्यावर शालन कुरणे यांचे घर उभे होते आणि त्या घरात दुसरी एक शालन कुरणे चालत होती. पहिल्या वर्षी भराभर, सहाव्या वर्षी भिंतीला धरून. आठव्या वर्षी ती खुर्चीतून उठलीच नाही.

"हे तुमचं प्रतिघर," डॉ. मिथिला बिडवे म्हणाल्या. वेदगंगापूरच्या नगररचना कार्यालयात त्या भाकितशास्त्रज्ञ होत्या. शहरात घराची दुरुस्ती काढायची, तर आराखडा आधी गृहभाकित यंत्रणेकडे द्यावा लागे. अर्जदारासारख्या माणसांच्या जुन्या नोंदी जुळवून ती पुढची वीस वर्षे दाखवी, आणि त्यानुसारच परवानगी मिळे. "जिना काढा, माडी बंद करा, खाली आधारदांड्या बसवा. तुमच्यासारख्या माणसांच्या नोंदी हेच सांगतात, गुडघे साथ देणार नाहीत, ताई."

त्रेसष्ट वर्षांच्या शालनताईंनी चौतीस वर्षे विजेच्या खांबांवर चढून काम केले होते. आता माडीवर कार्यशाळा काढून बायकांना जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायला शिकवायचे, हे त्यांनी निवृत्तीआधीच ठरवले होते.

"माझ्यासारखी माणसं म्हणजे कोण?"

"याच शहरातली. साठीपुढची."

"त्यांच्या घरांत जिने होते?"

"नाही. यंत्रणेच्या सल्ल्यानं साठीनंतर सगळ्यांचेच काढले जातात."

"मग मॅडम, गुडघे गेले म्हणून जिना काढला, की जिना काढला म्हणून गुडघे गेले?"

बिडवे यांनी प्रतिघरात जिना ठेवून पुन्हा भाकीत मागितले. पडदा कोरा झाला. खाली दोन शब्द उमटले : नोंद अपुरी.

"तुमच्या यंत्रणेला माहीतच नाही," शालनताई उठल्या. "मग जिना राहणार. पडले तर माझी मी पडेन. आणा, कुठं सही करायची?"

नोंद अपुरी असेल तेव्हा निर्णय भाकितशास्त्रज्ञाचा असे; त्या खास अधिकारात बिडवे यांनी परवानगी दिली. अट एकच : पावलांची नोंद रोज यंत्रणेकडे जाईल.

आठ वर्षे गेली. शालनताई दिवसातून दहा-बारा वेळा माडी चढत. धाप लागे, गुडघे कुरकुरत, पण चढत. माडीवर चार-पाच बायका मोटारी उघडून बसलेल्या असत.

एका सकाळी शेजारचे दस्तगीर मुल्ला काठी टेकत आले. ते जुने फरशीवाले. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना उंबरासुद्धा जड जाई. त्यांच्या हातात नोटीस होती.

"ताई, न्हाणीत आधाराला दांडी मागितली होती. हे म्हणतात, झोपायची खोली माडीवर न्या, जिना बांधा!"

शालनताई त्यांना रिक्षात घालून थेट कार्यालयात गेल्या.

"जिना असलेल्या घरातली नोंद तुमची एकटीची आहे," बिडवे ओशाळून म्हणाल्या. "आणि ती उत्तम आहे. यंत्रणेच्या हिशेबी जिना असला की पाय शाबूत. शंभर टक्के. मी वर लिहून कळवलं. कोणी ऐकत नाही."

"माझ्या पायांनी दस्तगीरभाईंना चढवता काय? काढून टाका माझी नोंद!"

"काढली तर पुन्हा सगळ्यांचे जिने जातील."

शालनताई घरी आल्या आणि चप्पलही न काढता पुढच्या गल्लीत शिरल्या. महिनाभर त्या दारोदार हिंडल्या. साठीपुढच्या प्रत्येकाला त्या सांगत, "यंत्रणा काय म्हणेल ते बाजूला ठेवा. घरात काय करायचं मनात होतं, तेवढंच मांडा."

महिनाअखेर त्रेचाळीस जण कार्यालयात रांगेत उभे राहिले. कोणाला छपरावर मधमाश्या पाळायच्या होत्या, कोणाला स्वयंपाकघराच्या मधोमध हातमाग हवा होता, एका जोडप्याला घरात भिंतच नको होती. बिडवे एकेक आराखडा यंत्रणेला देत गेल्या. असे घर शहरात कधी झालेच नव्हते, त्यामुळे एकाही आराखड्याला जुळणी सापडेना. त्रेचाळीस वेळा पडदा कोरा राहिला.

"साहेब ओरडतील," बिडवेंचा मदतनीस पुटपुटला. "आता भाकीत कशावरून लिहायचं?"

बिडवे यांनी यंत्र बंद केले. खुर्ची वळवून त्या रांगेशेजारी नोटीस घेऊन बसलेल्या दस्तगीर मुल्लांसमोर बसल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत जो प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती, तो त्यांनी विचारला.

"चाचा, तुम्हाला घर कसं हवंय?"