येते हं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आवाज कसा बनतो ते मला ठाऊक होतं, कारण तो मीच बनवायचे. गेलेल्या माणसाची जुनी रेकॉर्डिंग घ्यायची, यंत्राला ऐकवायची, की ते माणूस आमच्या कंपनीच्या फोनवरून घरच्यांशी बोलायला लागतं. या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. तू दार लोटून घे आणि पुढचं ऐक.

त्या दुपारचं काम साधंच होतं. एका इस्त्रीवाल्या काकांना त्यांच्या गेलेल्या बायकोचा, काकूंचा, आवाज बंद करायचा होता. जायचं, फोन परत आणायचा, बस्स.

पण मी स्वतः गेले त्याला कारण होतं. आमच्या मालकांनी नुकतंच सगळ्या आवाजांत एक वाक्य घालायला सांगितलं होतं. गिऱ्हाईक फोन ठेवायला लागलं की आवाजानं रडवेलं होऊन म्हणायचं, "ठेवू नका ना… मला एकटीला भीती वाटते." मी तोंडावर सांगितलं, "हे पाप माझ्या हातून होणार नाही." मालक हसले. "बाई, धंदा आहे हा. गिऱ्हाईक टिकायला नको?" आणि दुसऱ्याकडून करून घेतलं. तेव्हापासून एकही फोन परत आला नव्हता, म्हणून हा आणायला मी स्वतःच निघाले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत काका फोन कानाला लावून बसलेले, गालफडं बसलेली. टेबलावर लोकांचे कपडे धूळ खात होते. इस्त्री गार.

"ठेवताच येत नाही, ताई," ते कुजबुजले. "ठेवायला गेलो की रडते. जेवायलासुद्धा उठू देत नाही. आमची ही जन्मात कुणापुढे रडली नाही हो. ही ती नव्हे… पण आवाज तिचाच. कसा ठेवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन घेतला, कानाला लावला आणि बंद करायचं बटण दाबलं.

रडणं आलंच नाही. आधी नुसती खरखर. मग ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरते ना, तसं चर्र… आणि वासही. मी वळून टेबलावरच्या इस्त्रीला हात लावला. गारच होती.

"जेवून घ्या," काकूंचा आवाज अगदी शांतपणे म्हणाला. "येते हं."

फोन बंद पडला. काकांनीही ऐकलं होतं. डोळे पुसत ते म्हणाले, "ही खरी. जाते कधी म्हणायची नाही. कुणाच्या दारात भांडायला निघाली तरी 'येते हं' म्हणूनच निघायची."

पण काकूंचं प्रत्येक रेकॉर्डिंग मी ऐकलं होतं. त्यात 'येते' हा शब्द कुठेच नव्हता.

ऑफिसात येऊन मी तो फोन मालकांच्या टेबलावर ठेवला. त्याची बॅटरी काढून माझ्या पर्समध्ये टाकली होती.

"ते वाक्य आज निघालं पाहिजे," मी म्हटलं. "नाहीतर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगणार."

"सांगा की," मालक हसत म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

सवयीनं त्यांनी उचलला. त्या थंडगार केबिनमध्ये गरम कापडाचा वास भरला. फोनमधलं मलाही स्पष्ट ऐकू आलं. "आले हं." मग एक हुंदका. "ठेवू नका ना…"

त्याच संध्याकाळी सगळ्या आवाजांतलं ते वाक्य मी माझ्या हातानं पुसलं. कुणाची परवानगी घेतली नाही. फोन परत यायला लागले. काकांचं दुकान आता जोरात चालतं, जेवतातही वेळेवर.

मालक अजून केबिनमध्येच आहेत, फोन कानाला लावून. मी बॅटरी त्यांच्यासमोर धरली, तरी ठेवत नाहीत. घरी जात नाहीत, कपडे बदलत नाहीत. जेवणाचं ताट मी नेते आणि तसंच परत आणते.

अंगातल्या शर्टाला मात्र रोज सकाळी कडक इस्त्री असते.