सतराव्या स्लाइडवरची मोकळी जागा

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर माफ करा. शाळा मी लवकर सोडली, भारी शब्द मला येत नाहीत. पण यालमारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आणि त्याने जे सांगितलं ते पदरचं काही न घालता लिहितो आहे.

डिसेंबरातला बुधवार होता. दुपारचे साडेतीनच वाजले होते, पण आमच्या उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, आणि खिडकीबाहेरचं तळं, बर्फ, कागद गिरणीचं धुराडं, सगळं केव्हाच अंधारात बुडालं होतं. यालमारी गिरणीच्या कचेरीत स्लाइड बनवतो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता संचालकांची बैठक होती. तीन नंबरचं जुनं यंत्र बंद करायचं की अजून एक वर्ष रेटायचं, हे तिथे ठरणार होतं. त्याच यंत्रावर यालमारीचा थोरला भाऊ ओस्मो काम करतो.

चोवीस स्लाइड. एकच निळा रंग, एकाच वळणाचं अक्षर, मथळा प्रत्येक वेळी त्याच जागी. सतराव्या स्लाइडवर त्या यंत्रावरच्या चार वर्षांच्या अपघातांचे चार खांब होते. दोन, तीन, पाच, नऊ. शेवटचा लाल. त्या नवांतला एक कार्लो हिएताला, ऑक्टोबरात यंत्राच्या फिरत्या रुळांत सापडून जिवानिशी गेलेला.

"हे लाल काय रे? नाताळची सजावट?" विभागप्रमुख रित्वा त्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाली.

"लक्ष जावं म्हणून…"

"लक्षच जायला नको, राजा. बाजूची आकड्यांची पट्टी शंभरापर्यंत ताण, खांब आपोआप बुटके होतील. आणि राखाडी कर. आकडे खरेच राहतात ना? मग खोटं कुठे बोलतोय आपण?"

"पण रित्वा, ओस्मो तिथे…"

"सगळ्यांचेच भाऊ कुठे ना कुठे असतात. आटप, आणि मेजवानीला ये, सौनाच्या वाफेत बसायला. आज तरी चार माणसांत तोंड उघड!"

सगळे हसत खिदळत नाताळच्या मेजवानीला निघून गेले. कोणी हलत नाही म्हटल्यावर पलीकडचे दिवे एकेक करून आपोआप मालवले. यालमारीने मान खाली घालून सांगितलं तसं केलं. खांब कापलेल्या गवताच्या खुंटांसारखे दिसू लागले.

काम संपलं की तो एक गोष्ट हमखास करतो. बाणाची कळ दाबून धरतो आणि सगळ्या स्लाइड भराभर पळवतो. मथळा केसभर जरी सरकलेला असला, तरी पळताना उडी मारतो आणि चूक पकडली जाते.

मथळा जागचा हलला नाही. पण खालच्या कोपऱ्यातून काहीतरी चालत गेलं.

अंगठ्याएवढी सावली. दर स्लाइडला एक पाऊल पुढे. कानांवर यंत्रघरात घालतात तसली जाड टोपणं. सतराव्या स्लाइडवर ती थांबली, आणि तिने शेवटच्या खुंटावर हात ठेवला.

यालमारीने एकेक स्लाइड थांबवून पाहिली. काही नाही. सगळ्या स्लाइड ज्याच्यावर बेतलेल्या असतात तो मूळ साचा उघडला. तोही कोरा. खोलीत मात्र ओल्या लगद्याचा, गरम वाफेचा वास पसरू लागला होता…

त्याने पुन्हा कळ दाबली. आता सावल्या दोन होत्या. मागची डाव्या खांद्यात झुकून चालत होती. लहानपणी बर्फात पडल्यापासून ओस्मो तसाच चालतो. आणि पुढच्या सावलीने आपला हात मागे केला होता, मागचीचं बोट धरायला केल्यासारखा.

यालमारीने कळ सोडून दिली. पण भीतीच्या तळाशी त्याला संताप सापडला. कार्लोचा राग आला, रित्वाचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

"नाही," तो पडद्याला म्हणाला. "हा नाही मिळायचा…"

त्याने पट्टी शंभरावरून दहावर आणली. चार खांब स्लाइडभर उभे राहिले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटचा लाल केला. वर सरळ मथळा लिहिला, 'तीन नंबरच्या यंत्रावरचे अपघात दोनवरून नऊवर'. मग कळ दाबली. कोणी चाललं नाही. मेजवानीला न जाता तो घरी गेला.

सकाळी बैठकीत तो नेहमीसारखा मागे बसून कळ दाबत होता आणि रित्वा बोलत होती. सतरावी स्लाइड आली तशी ती अडखळली.

"पुढची."

तो हलला नाही.

"यालमारी, पुढची!"

"नाही." तो उठला. कान लालबुंद झाले होते. "हे आधी सगळ्यांनी नीट बघायचं. मोजून बघायचं."

अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ते समजलं. पण लाल खांबाच्या उजवीकडे एका खांबाएवढी जागा का सोडली आहेस?"

यालमारीने पडद्याकडे पाहिलं. त्याने जागा सोडली नव्हती. चारही खांब थोडे डावीकडे सरकले होते, आणि मोकळ्या जागेखाली, त्याने निवडलेल्या त्याच अक्षरात, पुढचं साल लिहिलेलं होतं. ओल्या लगद्याचा वास आला.

"ती पुढच्या वर्षाच्या खांबाची जागा, ती मोकळीच राहायला हवी," तो म्हणाला. "म्हणून सांगतो, यंत्र आजच बंद करा."

आणि कळीवरचं बोट काढून घेऊन तो तसाच उभा राहिला.