ओळखलं की काढायचं

हॅलोवीनच्या दिवशी, अजून उजेड होता तेव्हाच, माझी मुलगी ग्रॉन्या नातीला घेऊन आली. मी सफरचंदं पुसून टोपलीत लावत होते. क्लोडाने टोपलीकडे पाहून नाक मुरडलं. तिच्या अंगात दुकानातून आणलेला चेटकिणीचा झगा होता आणि तोंडात दिवे बसवलेले दात. बोलली की लुकलुकायचे.

"आजी, सफरचंदं कोण घेणार? चॉकलेट नाहीये?"

"आमच्या वेळी सफरचंदांसाठी मारामाऱ्या व्हायच्या."

"तुमच्या वेळी काहीच नव्हतं."

मग तिला सांगावंच लागलं. आम्ही सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावायचो, भोपळा इथे कुणी पाहिलासुद्धा नव्हता. लोकांची फाटकं बिजागऱ्यांवरून उचलून भलत्याच्याच शेतात नेऊन उभी करायचो. कोबीचे गड्डे दारांवर फेकून पळायचो. एका वर्षी थोरल्या पोरांनी मास्तरांची घोडागाडी सुटी करून गोठ्यात नेली आणि आत पुन्हा जोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी आमचं सगळं ड्रमनाशी गाव शिव्या देत, हसत आपापल्या वस्तू शोधत हिंडत होतं.

"आणि पोलीस?" क्लोडाचे डोळे मोठे झाले होते.

"पोलिसांचंही फाटक गेलेलं असायचं."

"तू कधी पकडली गेलीस?"

"छे! बर्नी असायची ना बरोबर."

"बर्नी कोण?"

ग्रॉन्याने गाडीची किल्ली उचलली. "चल क्लोडा, अंधार पडायच्या आत दहा घरं करायचीत."

आता असंच असतं. आईबाप गाडीतून पोरांना फिरवतात. पोरं घंटी वाजवतात, पिशवी पुढे करतात, "थँक यू" म्हणतात आणि जातात. उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकत नाही.

बर्नी माझी मोठी बहीण. ती अकरा वर्षांची होती, मी सात. त्या हॅलोवीनला शेजारच्या पॅकी फ्लिनच्या दारावर गड्डा फेकायला ती शेत ओलांडून गेली. "इथंच थांब, हलू नकोस," एवढं म्हणाली. पॅकीच्या दारावर काहीच आपटलं नाही. गावातले पुरुष बर्फ पडेपर्यंत काठ्यांनी दलदल चाचपत होते. साधा बूटसुद्धा मिळाला नाही. पुढे मी औषधांचं दुकान काढलं, जन्मभर चालवलं. आमच्या लाइट्रिम परगण्यातली दलदल गाईसुद्धा गिळते. एक मुलगी गिळली. त्यात गूढ काही नाही, असंच मी मानत आले.

त्या दोघी गेल्यावर शेगडी धुमसायला लागली. जळणाचं पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, ओलं होतं. धूर जायला मी मागचं दार किलकिलं करून ठेवलं, टोपली पुढच्या दारापाशी नेली आणि परत आले.

शेगडीजवळच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

एवढंसं पोर. मोठ्या माणसाचा कोट उलटा करून घातलेला, अस्तर बाहेर. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. तोंडावर उशीच्या अभ्र्याचा तुकडा, कानामागे गाठ मारलेला, डोळ्यांपुरती दोन भोकं. मला इतका आनंद झाला! ही जुनी रीत होती. असं मुकाट्यानं घरात शिरायचं, बसायचं. घरच्यांनी नाव ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढायचा आणि सफरचंद घेऊन जायचं.

"अगं बाई! हे कुणी शिकवलं तुला? थांब, सांगू नकोस. मॅकगव्हर्नांचा टाइग?"

मान हलली. नाही.

"रेनल्ड्सांची धाकटी? डॉक्टरांचा मुलगा?"

नाही. नाही. मान हलली की ओल्या मातीचा वास यायचा.

मी गावातली सगळी पोरं संपवली. मग गंमत म्हणून त्यांच्या आईबापांची नावं घेतली. ते पोर मान हलवत राहिलं, तक्रार न करता. मी हसत होते. हसता हसता माझ्या लक्षात आलं की आता घ्यायला एकच नाव उरलंय, आणि ते माझ्या तोंडातून निघत नाहीये.

शेगडीत पीट कोसळलं.

"हरलीस," पोर म्हणालं. मुलीचा आवाज. "आता माझी पाळी."

ती उठली. बाह्या फरशीवरून सरपटत आल्या. माझ्यासमोर उभी राहून तिने मला निरखलं. कपाळ, गाल, हनुवटी. एखादं पोर दुसऱ्या पोराचं सोंग तपासतं, तसं.

"मुखवटा चांगला केलायस," ती म्हणाली. "म्हातारीचा. खऱ्यासारखा."

मला हलता येईना.

"कार्मी."

आई गेल्यापासून मला या नावाने कुणी हाक मारलेली नव्हती.

"कार्मीच आहेस. ओळखलं. आता काढ."

"काढता येत नाही गं," मी म्हणाले. माझा आवाज सात वर्षांचा झाला होता.

"लबाड. ओळखलं की काढायचं." तिने बाहीतून हात बाहेर काढला. गार बोटं माझ्या गालावरून डाव्या कानामागे गेली. तिथे हळूहळू चाचपू लागली.

"थांब, हलू नकोस."

बोटं थांबली.

"ही बघ. गाठ सापडली."

खिडकीवर गाडीचे दिवे पडले. पुढच्या दारातून क्लोडा ओरडत आत आली, "आजी, सगळ्यांनी चॉकलेटच दिलं!" स्टुलावर कुणी नव्हतं. मागचं दार घट्ट बंद होतं.

क्लोडाने माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या मागे सरकली.

"आई, आजीचा चेहरा बघ."

ग्रॉन्याने मला तशीच स्लायगोच्या इस्पितळात नेलं. तिला वाटलं, अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, हात वर करायला लावले, हसायला लावलं. काही निघालं नाही. वयाच्या मानाने ठणठणीत आहात, म्हणाले.

मीही मान डोलावली. फक्त आता तोंड धुताना पाणी पुढूनच मारते आणि जपून पुसते. डाव्या बाजूला चेहरा किंचित सैल लागतो.