फाटकापासून बावीस पावलं

तासगाव सोडून चार किलोमीटर पुढे गेलं की रस्त्याला लागूनच कॅप्टन वीरधवलचं बेदाण्याचं शेड लागतं. शेडच्या मागे द्राक्षबाग आणि बागेच्या पलीकडे घर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, मुंबईहून आलेली गाडी त्याने शेडपाशीच थांबवली. त्याची बायको, संयोगिता, जाळ्यांवर द्राक्षं पसरणाऱ्या बायकांमध्ये उभी होती आणि ती त्याला लांबूनच दिसली. तीन महिन्यांनी दिसली. अशा वेळी माणूस वळसा घालून पुढच्या दाराने रीतसर घरात शिरेल, ही अपेक्षाच चुकीची. एक बॅग त्याने घेतली, एक तिने घेतली आणि दोघं बागेतून मागच्या दाराने घरात गेली. त्याची आई, शालूबाई, चष्मा आणायला तासगावात गेली होती. ती परतली तेव्हा चिरंजीव अंघोळ करून, जेवून, पलंगावर पाय पसरून बसले होते.

शालूबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला आणि पहिला प्रश्न सुनेला केला. तुकडा ओवाळलास का?

संयोगिताने जीभ चावली. त्या घरातल्या तीन पिढ्या फौजेत गेलेल्या. लांबून आलेला माणूस दारात थांबवायचा, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी ओवाळून बाहेर टाकायचं आणि मगच त्याला उंबरा ओलांडू द्यायचा, ही रीत आजवर कुणी चुकवली नव्हती. वाटेत जे काही मागे लागलं असेल ते दाराबाहेर राहावं आणि माणूस तेवढा अख्खा आत यावा, एवढाच तिचा अर्थ. वीरधवलला हसू आलं. तो म्हणाला, विमानातून माझ्या मागे कोण येणार आई, त्याला व्हिसा कोण देईल? शालूबाई हसल्या नाहीत.

“आत आल्यावर ववाळून काय उपेग,” एवढंच त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

वीरधवल पूर्वी फौजेत हेलिकॉप्टर उडवायचा. तिथून निवृत्त झाल्यावर त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका तेल कंपनीची नोकरी धरली. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवायची आणि परत आणायची. चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. गावात सगळ्यांना वाटायचं, कॅप्टनसाहेब परदेशात मजा मारतात. आता परदेश त्याने पाहिला होता हे खरं, पण हजार फुटांवरून. जमिनीवर त्याच्या वाट्याला दोन काटेरी कुंपणांच्या आतलं एक उघडंबोडकं मैदान आलं होतं आणि त्यात ओळीने ठेवलेले लोखंडी कंटेनर. सतरा नंबरचा त्याचा. आत एक पलंग, एक टेबल, रात्रंदिवस घुमणारा एसी आणि तासगावची वेळ लावून ठेवलेलं भिंतीवरचं घड्याळ. खिडकी होती, पण गोळी अडावी म्हणून तिच्यावर पत्रा ठोकलेला. त्या मुलखात परदेशी माणसांना पळवून नेत, त्यामुळे फाटकाबाहेर पाय टाकायला बंदी. हेलिपॅड हाकेच्या अंतरावर, तरी तिथे जायला गाडी आणि दोन बंदूकवाले. पाण्याला क्लोरीनचा वास, चादरींना क्लोरीनचा वास, आणि आठवडा उलटला की ताटातल्या भातालाही तोच वास येतोय असं वाटायला लागायचं.

फाटकापाशी एक मोठा बोर्ड होता. त्यावर प्रत्येकाच्या नंबराचा बिल्ला, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल. आत असलात की हिरवा, बाहेर पडताना आपल्या हाताने उलटून लाल. धोक्याचा सायरन झाला की सगळ्यांनी जाड भिंतींच्या एका खोलीत जमायचं. तिथली डोकी आणि बोर्डावरचे हिरवे बिल्ले जुळले पाहिजेत. ज्याचा बिल्ला त्यानेच फिरवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा तिथला कडक नियम.

या खेपेला त्याच्या जागेवर येणारा पायलट आलाच नाही आणि चाराचे बारा आठवडे झाले. त्या दिवसांत वीरधवलला एक सवय लागली. दुपारी दीड वाजता, काम आटपलं की तो कंटेनरच्या पायरीवर बसायचा. त्या वेळी तासगावात सहा वाजलेले असायचे. तो डोळे मिटायचा आणि घरी जायचा. फाटकाची कडी काढायची. तिथून दारापर्यंत बावीस पावलं. नवव्या पावलाला लिंबोणी, तिचं एक पान तोडून चुरगाळायचं आणि वास घ्यायचा. दारापाशी चपला काढायच्या. पान पायरीवर टाकायचं, कारण घरात कचरा नेलेला आईला चालत नाही. मग दारावर हात ठेवायचा आणि डोळे उघडायचे. दार ढकलून आत जायचं धाडस त्याने एकदाही केलं नाही. आत गेलो तर परत येववणार नाही, अशी त्याला खरोखरच भीती वाटायची. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. पंचेचाळिशीचा माणूस डोळे मिटून घर-घर खेळतो, हे सांगणार तरी कसं?

आणि आता तो खरोखरच घरी होता. शालूबाईंनी चहा गाळला. घरात माणसं तीन आणि कप चार. चौथा कप उचलून त्या बाहेर गेल्या आणि पुढच्या दाराच्या पायरीवर ठेवून आल्या.

हा कुणाला, असं त्याने विचारलं तेव्हा दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग संयोगिताने हळू आवाजात सांगितलं. गेले तीन महिने रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फाटकाची कडी वाजते. कुणीतरी चालत येतं, लिंबोणीपाशी जरा थांबतं, पुन्हा येतं, चपला काढतं. दार उघडलं की बाहेर कुणी नसतं. पायरीवर तेवढं लिंबाचं एक चुरगाळलेलं पान असतं. पहिले चार दिवस दोघी घाबरून एका खोलीत बसल्या. पाचव्या दिवशी आई म्हणाल्या, पावलं तर आपल्या वीरचीच आहेत, आणि त्यांनी चहा बाहेर ठेवला. त्या दिवसापासून दोघी सहा वाजायची वाटच बघायला लागल्या.

“त्येचा जीव हितं हाय,” शालूबाई म्हणाल्या. “दमून येतो बिचारा. चहा तरी द्यावा.”

वीरधवलच्या अंगावर काटा आला. पण हातात गरम कप होता, शेजारी संयोगिता होती, खिडकीतून वाळत्या द्राक्षांचा गोडूस वास येत होता. तो म्हणाला, आज काही यायचा नाही तो. मीच तर आलोय.

बरोबर सहा वाजता फाटकाची कडी वाजली.

तिघंही जागच्या जागी थिजली. पावलं वाजू लागली. वीरधवल मनात मोजत होता. सात... आठ... नऊ. थांबली. पान तुटल्याचा बारीक आवाज आला. मग दहा, अकरा... बाविसावं पाऊल अगदी दाराशी पडलं. चपला निघाल्या. त्याने ताडकन उठून दार उघडलं. बाहेर उजेड होता आणि अंगण रिकामं होतं. चहाच्या कपातून वाफ निघत होती आणि पायरीवर पान पडलं होतं, अजून ओलं.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाचा फोन आला. ज्योतिबा आटपाडीचा, फौजेतून सुटलेला मेकॅनिक. तिकडे त्याच बेसवर हेलिकॉप्टरची देखभाल करायचा, आणि त्या दोन कुंपणांच्या आत वीरधवलशी मराठीत बोलणारा तो एकटाच.

“साहेब, जाताना बिल्ला फिरवला न्हाई तुमी. हिरवाच ऱ्हायलाय.”

वीरधवलला आठवलं. तीन महिन्यांनी फाटक उघडलेलं दिसलं आणि तो धावतच गाडीत बसला होता. तो म्हणाला, चुकलंच गड्या, माफी मागतो म्हणून सांग. पण ज्योतिबा फोन ठेवीना. आज सायरन झाला, तो म्हणाला. हिरवे बिल्ले एकेचाळीस. तुमी गेल्यालं, म्हंजी डोकी चाळीस भरायला पायजेत. एकेचाळीस भरली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा एकेचाळीस.

“कोण जास्त होतं?”

“त्येच कळंना, साहेब. समदी वळखीचीच...” ज्योतिबाचा आवाज खाली आला. “तुमची खोली आतनं बंद हाय. आत घड्याळाचा आवाज येतोय. आन्... पायरीवर कोन तरी बसल्यागत वाटतंय. दुपारी दीडला.”

त्या दिवसापासून वीरधवलला घर घरासारखं लागेनासं झालं. भाकरीला क्लोरीनचा वास यायला लागला. उशीतून एसीची घरघर ऐकू यायची. शेडमध्ये संयोगिताच्या शेजारी उभं राहून तो जाळ्या हलवायचा, पण हाताला द्राक्षांचा चिकटपणा लागायचा नाही. आपण घराचं चित्र बघतोय, घर नाही, असं त्याला वाटायचं. हे तो बोलला नाही, पण बायकोपासून काय लपतं? तिसऱ्या दिवशी त्याला वाढता वाढता संयोगिता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आवं, तुमी समोर बसलाय,” ती म्हणाली, “तरी मला तुमची लय आठवण येतीया. जो सहाला येतो ना, त्यो तुमच्यापरास जवळचा वाटतो.”

ती खोटं बोलत नव्हती, आणि वीरधवललाही नेमकं तसंच वाटत होतं. बारा आठवडे ज्या घरासाठी तो झुरला होता, त्या घरात बसून तो अजूनही त्याच घरासाठी झुरत होता.

तोड शालूबाईंनी काढली. अर्धा माणूस आत आणि अर्धा बाहेर, असं लेकरू बरं नाही, त्या म्हणाल्या. उद्या सहाला तू फाटकाबाहेर उभा राहा. कडी काढून चालत ये, रोज तो येतो तसा. मी दारात तुकडा ओवाळते आणि अख्खा आत घेते. आणि तिकडं त्या पोराला सांग, त्याच वेळी तो बिल्ला उलटायला. वीरधवलने ज्योतिबाला फोन केला. नियमाबाहेरचं काम होतं. तरी ज्योतिबा बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच वीरधवल चपला घालून बाहेर गेला. फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. उन्हं बागेवर उतरली होती. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आपण किती वेळा इथे आलो आणि दारावरून परत गेलो, हे त्याला आठवलं. आज दार ढकलायचं, असं त्याने ठरवलं होतं.

सहा वाजले. त्याने कडीकडे हात नेला. हात पोचायच्या आतच कडी वाजली.

फाटक हललं नाही. पण पलीकडे पावलं वाजू लागली, दमलेली आणि ओळखीची. नवव्याला थांबली. लिंबोणीची एक डहाळी वाकली आणि सुटली. बाविसाव्या पावलाला घराचं दार उघडलं. शालूबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या फाटकाकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या अगदी समोर, त्यांच्या लेकाचं तोंड जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्या उंचीवर. त्यांनी तुकडा ओवाळून अंगणात भिरकावला, पायरीवर पाणी ओतलं. त्यांच्या मागे संयोगिता होती. ती हसली. तीन दिवस ज्या हसण्याची तो वाट बघत होता, तेच ते हसणं. मग दोघी बाजूला सरल्या, कुणाला तरी वाट दिली आणि दार लागलं.

वीरधवलने हाक मारली. तोंडातून आवाज आला नाही.

तो फाटकातून आत गेला. कडी काढल्याचं त्याला आठवत नाही. नवव्या पावलाला त्याचा हात आपोआप लिंबोणीकडे गेला. त्याने पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. क्लोरीनचा वास आला. दाराशी त्याच्या चपला व्यवस्थित काढून ठेवलेल्या होत्या. त्याच्या पायात बेसवरचे बूट होते.

आत फोन वाजला. त्याने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. घरात कुणीतरी फोन उचलला आणि दाराच्या फटीतून त्याला आवाज ऐकू आला. त्याचाच आवाज, पण कितीतरी मोकळा.

“व्हय रं ज्योतिबा... पोचलो गड्या. आत्ताच पोचलो.”

मग कपबशा वाजल्या. जरा वेळाने दार वीतभर उघडलं आणि संयोगिताने एक कप पायरीवर ठेवला. तिने मान वर करून तो उभा होता तिकडे बघितलं. तिच्या कपाळावर क्षणभर आठी पडली. मग आतून तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने लगबगीने दार लावून घेतलं.

चहाची वाफ निघत होती. त्याने दारावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग हातातलं चुरगाळलेलं पान पायरीवर टाकलं. घरात कचरा नेलेला आईला चालत नाही.