डोहातलं विरजण

देवीची पूजा आटोपून यशोदा गुरवीण डोहाच्या पायरीवर बसली आणि तिने पाण्यात मूठभर कुरमुरे टाकले. खवल्या मासे झुंडीने वर आले. काही तर तिच्या बोटांना लुचू लागले. पाण्याखाली एक मोठं कडं टांगलेलं होतं. मासा त्यातून गेला, की पायरीवरच्या पडद्यावर त्याचं आतडं उमटायचं. ध्वनिलहरींनी आतड्यातला जिवाणूंचा थर टिपणाऱ्या या यंत्राचं नाव आंत्रदर्शक. गाव त्याला पोटाचा आरसा म्हणे. निरोगी आतडं हिरवं दिसे, उजाड झालेलं करडं.

हिरवं. पुन्हा हिरवं.

"मावशी, अख्ख्या नदीत निरोगी एवढेच उरलेत," अवनी म्हणाली. यशोदेच्या बहिणीची ही मुलगी मत्स्यशास्त्रज्ञ होती; कडं तिनेच बसवलं होतं. तिच्यासोबत खालच्या गावचा तुळाजी भोई आला होता.

"खालच्या माशांना खायला नाही का मिळत?"

"खातात की, वहिनी," तुळाजी म्हणाला. "पोट भरलेलं असतं, आणि पाठीचा काटा वर आलेला. भरल्या पोटी उपाशी मरतात."

कारण अवनीने सांगितलं. डोहाच्या खाली नदीत मिसळणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात औषधांचे अंश येतात, प्लास्टिकचे बारीक कण येतात. पोटातले उपयोगी जिवाणू आधी मरतात. मग आतड्याचं अस्तर सुजतं, त्याच्या घड्या झिजतात. खाल्लेलं अंगी लागत नाही.

"यांच्या पोटातले जिवाणू वाढवून खाद्यातून त्यांना देता येतील. दुधाला विरजण लावतो ना, तसं."

"मग ने की."

अवनी घुटमळली. "ते अस्तराला घट्ट चिकटलेले असतात. विष्ठेत सापडत नाहीत. काही मासे मारावे लागतील."

या डोहात कधी कुणी गळ टाकला नव्हता. दुष्काळात गावाने कंदमुळं खाल्ली, पण देवीच्या माशांना हात लावला नाही.

"तुझी मुलं काय करतात रे?" तिने तुळाजीला विचारलं.

"कारखान्यांच्या वसाहतीत हमाली. जाळं टाकायला कुणी शिकलंच नाही. शिकून टाकणार कुठे?"

ती उठून देवळात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "घे," ती म्हणाली. "पण मी इथून हलणार नाही."

तुळाजीने जाळं सोडलं. मासे त्याच्याकडेच आले. माणसापासून पळायचं त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. यशोदा शेवटपर्यंत बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने हात पाण्यात धरला, तर एकही मासा जवळ आला नाही.

विरजण मात्र लागलं. पावसाळ्यानंतर खालच्या पात्रात लावलेल्या आंत्रदर्शकाच्या पडद्यावर मासे हिरवे दिसू लागले, काठच्या गवतात पिल्लं चमकू लागली. तुळाजीचा थोरला हमाली सोडून होडीत बसला. अवनीने फोन करून मावशीला हे सांगितलं तेव्हा यशोदा रडली.

उन्हाळ्यात नदी आटली, सांडपाणी तेवढंच राहिलं. खालचा पडदा पुन्हा करडा झाला. प्रयोगशाळेत साठवलेले जिवाणूही दुबळे पडले होते. अवनी आणि तुळाजी जाळं घेऊन परत डोहावर आले.

"पाण्याचं काय केलंत?" यशोदेने विचारलं.

"तक्रार केली आहे. सुनावणी लांबतेय," अवनी खाली मान घालून म्हणाली.

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?"

डोहात आता थोडेच मासे होते, तेही तळाशी. यशोदेने तुळाजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. "ने बाबा. तुझं घर तरी..."

तुळाजीने जाळ्याची घडी सोडली. मग पाण्याकडे बघत त्याने जाळं परत गुंडाळलं.

"नको, वहिनी. हे इथेच राहू देत."

अवनी म्हणाली, "तुळाजीकाका, मग खालची नदी संपेल."

"माहीत आहे, पोरी." तो पायरीवर बसला. "पण हेही संपले, तर निरोगी मासा आतून कसा दिसतो, हे तू कुणाकडे बघून ओळखशील?"